राजगड–तोरणा–रायगड: दोघींनीच जायचं असेल तर

सॅक भरून झाली की ती पाठीवर घ्या आणि पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या चढा. एकदा नाही, चार वेळा. चौथ्या वेळी ज्या वस्तूची आठवण येऊन राग येईल ती वस्तू घरी गेल्यावर बाहेर काढा. माझ्या सॅकमधून अशा तऱ्हेने एक जाडजूड टॉवेल, स्टीलचा डबा आणि 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेला तिसरा ड्रेस बाहेर पडला. मैत्रिणीच्या सॅकमधून तपासायच्या वह्यांचा गठ्ठा निघाला. ती शाळेत शिकवते. मी तिला बाई म्हणते, गेली बावीस वर्षं.

राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून रायगड हा ट्रेक पुष्कळ जण करतात, पण बहुतेक मोठ्या गटाने. वीस माणसं, पुढे एक वाटाड्या, मागे एक शेपूट सांभाळणारा. आम्ही दोघीच गेलो, वयं चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस. दोघींनीच जायचं म्हणजे मदत आणायला धावत जाणारा तिसरा माणूस नसतो. एकीचा पाय मुरगळला तर दुसरीने तिच्याजवळ थांबायचं की गावाकडे जायचं, हा प्रश्न डोंगरात पडला तर फार उशीर झालेला असतो. म्हणून या ट्रेकची निम्मी तयारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. खाली लिहितेय ते आम्ही केलेलं, आणि काही ठिकाणी करायला हवं होतं ते.

आधी मैत्रीण तपासा

ऐकायला वाईट वाटतं, पण तपासा. आम्ही कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चाल केली, जिला पोरंटोरं के टू एस म्हणतात. टेकडी चढली की पुढे आणखी एक टेकडी, ती उतरली की परत एक, आणि सिंहगडाचा टॉवर लांबून लुकलुकत राहतो, जवळ काही येत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला माणूस जसा वागतो तसाच तो ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी वागतो. बाई तीन वाजता गप्प होते. चिडत नाही, रडत नाही, फक्त बोलणं बंद. माझं उलटं. मला भूक लागली की मी भांडण उकरून काढते, आणि मला स्वतःला ते कळत नाही. दोघींना एकमेकींचं हे माहीत असल्यावर नियम सोपे झाले: ती गप्प झाली की मी थांबून पाणी विचारायचं, मी वाद घालायला लागले की तिने माझ्या हातात गुळाचा खडा ठेवायचा. गूळ विरघळेपर्यंत वाद बंद.

त्यानंतर दोन महिने दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. या वाटेवर गुडघे चढताना कुरकुरतात, उतरताना मात्र सूड घेतात.

दुसरी गोष्ट, परतीचा शब्द. आमचा शब्द 'सुट्टी'. दोघींपैकी कुणीही, कधीही, कुठेही 'सुट्टी' म्हटलं की तिथून मागे फिरायचं किंवा सोपी वाट धरायची. कारण विचारायचं नाही. कारण संध्याकाळच्या चहानंतर विचारायचं. घरी ठरवताना हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो शब्द माझ्यावर उलटला, ते पुढे येईलच.

केव्हा जायचं

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात घाटाच्या नाळा (कड्यांमधल्या घळीतून उतरणाऱ्या वाटा) म्हणजे धबधबे असतात, वरून दगड येतात. त्या वेळी या वाटेचा विचारसुद्धा नको. ऑक्टोबरमध्ये गवत छातीएवढं असतं आणि पायवाट दिसत नाही. फेब्रुवारी सरताना धारेवर ऊन भाजतं आणि पाण्याची टाकी तळाला जातात. आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा धरला होता. तेव्हा उजाडायला सात वाजतात आणि सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे हातात जेमतेम अकरा तास. साडेचारच्या पुढे नवीन उतार सुरू करायचा नाही, एवढी एकच वेळ पाळली तरी निम्मे घोळ टळतात. जमलं तर पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडा.

सॅकमध्ये काय

दोघींचं सामान मिळून एक असं भरू नका. मोठे गट भरतात तसं एकीकडे सगळा शिधा, दुसरीकडे सगळं पाणी असं केलं आणि दोघींची चुकामूक झाली, तर एक तहानेने मरेल आणि दुसरी भुकेने. प्रत्येकीच्या सॅकमध्ये एकटीने एक रात्र काढता येईल एवढं हवंच: स्वतःचं पाणी, बॅटरी आणि तिचे जादा सेल, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, एक चादर, शिट्टी, दोन वेळचं कोरडं खाणं, औषधं, आणि कागदावर काढलेला वाटेचा नकाशा. फोनमधला नकाशाही आधीच उतरवून ठेवा, पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. एकच आणि सामाईक अशा वस्तू आमच्याकडे तीनच होत्या: छोटा गॅस, एक पातेलं, वीस मीटर दोर. दोर माणसं उतरवायला नव्हता, आम्हाला ते तंत्र येत नाही. तो सॅक खाली सोडायला होता. पाठीवर दहा किलो घेऊन कातळटप्पा उतरण्यापेक्षा सॅक आधी सोडून मोकळ्या अंगाने उतरणं केव्हाही बरं.

वजन दहा किलोच्या आत ठेवा, त्यात चार लिटर पाणी धरून. यातलं पाणी कमी करायचा मोह होतो. करू नका.

खाण्याचं मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथे मी अधिकाराने बोलू शकते. झटपट शेवया नेऊ नका. पाणीही पितात आणि पोटही भरत नाही. आम्ही नेलं ते असं: कुळथाची पिठी, तिखट-मीठ-लसूण आधीच घालून ठेवलेली, उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत होते. मेतकूट आणि तांदूळ, वर तुपाची छोटी डबी. पातळ पोहे भाजून, त्यात शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, फोडणी घातलेले. तोंडात टाकायला चालताना थांबावं लागत नाही. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. राजगिऱ्याच्या वड्या, खारे दाणे, गूळ. मीठ-साखरेची तयार पाकिटं माणशी सहा. लिंबं मात्र भरपूर न्या, कारण टाक्यातल्या पाण्याला शेवाळाचा वास येतो आणि लिंबाने तो मरतो. पाणी आधी चौपदरी फडक्याने गाळायचं, मग क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास न थांबल्याने काय होतं ते मी एकदा ढाकच्या वाटेवर भोगलंय, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायकांसाठी एक: तारखेचा हिशोब बसला असला तरी पॅड न्याच. चालण्याच्या श्रमाने पाळी अलीकडे-पलीकडे होते. वापरलेलं पॅड कागदात, मग बंद पिशवीत, आणि पिशवी परत घरी. गडावर काही टाकायचं नाही, पुरायचंही नाही, कुत्री उकरतात. अत्तर, सुगंधी तेल घरी ठेवा, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, चादर अंगावर ओढून बसायचं. चादर न्यायचं हेही एक कारण.

आणि दोन दिवस आधी पायाची नखं कापा. नाही कापली तर उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात.

पहिला दिवस: गुंजवणे ते तोरणा

स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीने मार्गासनी, तिथून साखरवरून राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे. आदल्या रात्री गावातच झोपलो. पहाटे पाचला निघालो, कारण त्याच दिवशी दोन गड करायचे होते. चोर दरवाजाच्या वाटेवर शेवटी कातळात रेलिंग लावलेलं आहे, अंधारातही जाता येतं, फक्त थंडीत लोखंड हाताला चटका देतं. आठच्या आत पद्मावती माचीवर. तिथे देवळाजवळच्या टाक्यातून सगळ्या बाटल्या भरून घ्या. बालेकिल्ला बघायचा मोह आवरा; तो पुन्हा कधीही होईल.

संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चालत टोकाकडे गेलं की अळू दरवाजाने बाहेर पडायचं. इथून खरी सुरुवात. पहिलाच उतार घसाऱ्याचा आहे, सुकलेल्या गवतावर बूट सरकतो. तोंड डोंगराकडे करून उतरलं तरी लाज नाही. पुढे सोंडेवरून वाट मळलेली आहे आणि समोर तोरणा दिसत राहतो, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही. मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे एका झोपडीत ताक मिळालं. दोन-दोन ग्लास प्यायलो. हा रस्ता लक्षात ठेवा, कारण पहिल्या दिवशी कुणाला बरं वाटत नसेल तर सुटका करून घ्यायची हीच जागा. यानंतर थेट तोरणा.

तोरण्याची चढण दुपारच्या उन्हात येते आणि तिथल्या बुरुजाचं नाव रडतोंडीचा बुरूज आहे. ते नाव कुणी का ठेवलं याचा शोध घ्यायची गरज पडत नाही. तिथून बुधला माची, कोकण दरवाजा, आणि साडेपाचला आम्ही मेंगाईच्या देवळात होतो. गडांवरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी वेल्ह्यात चौकशी करा. परवानगी नसेल तर वेल्ह्यात उतरून झोपायचं आणि पहाटे परत चढायचं, एवढी ताकद शिल्लक धरून चला. तोरण्यावर ब्रह्मपिशाच्च आहे म्हणतात. रात्री दोनला पातेलं गडगडत गेलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून अर्धा तास बसलो होतो. सकाळी पातेल्याच्या कडेला उंदराच्या दातांच्या खुणा सापडल्या. तर मग, शिधा टांगून ठेवा.

दुसरा दिवस: इथे आम्ही चुकलो

दुसऱ्या दिवशी बुधला माचीच्या पलीकडच्या अंगाने पश्चिमेकडे उतरायचं, हरपुड गाठायचं आणि तिथून मोहरी. कागदावर सोपं. पहिल्या दिवशी समोर तोरणा दिसत होता, आज समोर काहीच ओळखीचं दिसत नाही, आणि या भागात गुरं चरतात. गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांइतक्याच मळलेल्या असतात. फरक एवढाच की ढोरवाट पाण्याकडे नाहीतर सावलीकडे जाते, गावाकडे जातेच असं नाही.

आम्ही कारवीतून एक चांगली रुंद वाट धरली. मी पुढे होते. वीस मिनिटांनी वाट उजवीकडे उतरायला लागली, बाई म्हणाली, "अगं, सूर्य डोक्यामागे हवा ना आपल्या? तो कानावर आलाय." मी म्हटलं, वळेल पुढे. वळली नाही. ओढ्यात जाऊन संपली. कोरड्या ओढ्यात. मग ओढ्यानेच खाली जाऊ असं माझ्या डोक्यात आलं, आणि ही सह्याद्रीतली सगळ्यात जुनी चूक आहे. ओढा हमखास खाली जातो, पण मध्ये कड्यावरून उडी मारतो. आपल्याला मारता येत नाही. अर्ध्या तासात आम्ही अशाच एका कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर उभ्या होतो.

चुकल्यावर करायचं ते हे: बसायचं. सॅक काढायची. दहा मिनिटं काहीही ठरवायचं नाही. पाणी मोजायचं. आमच्याकडे दोघींत मिळून दीड लिटर होतं. मग शेवटची खात्रीची जागा कोणती होती ते दोघींनी वेगवेगळं सांगायचं. आम्ही दोघींनी एकच जागा सांगितली, दगडावर बाणाची पांढरी खूण होती ती. तिथपर्यंत परत चढायचं, कितीही जिवावर आलं तरी. जवळचा रस्ता शोधायचा नाही. या सगळ्यात अडीच तास गेले.

तेव्हापासून आमचे नियम: फाटा आला की पुढची थांबणार, मागची पोहोचल्याशिवाय पाऊल नाही. दर अर्ध्या तासाने मागे वळून फोटो काढायचा, कारण परत येताना वाट वेगळी दिसते. पंधरा मिनिटांत खूण दिसली नाही तर मागे. आणि जी पुढे चालतेय तिने नकाशा वाचायचा नाही, नकाशा मागचीकडे. पुढे चालणारीला आपलीच वाट बरोबर वाटत असते.

हरपुडमध्ये पाणी मिळालं, मोहरीत पोहोचायला अंधार पडला. गावाबाहेर शिट्टी वाजवली तर एक आजी कंदील घेऊनच आल्या. "दोघीच हायसा व्हय? आन् गडी कुठंय?" गडी नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं आणि चुलीवर भाकरी टाकायला घेतली. गावात राहायचं तर आधी फोन करून कळवा. पैसे ठरवून द्या, ते 'असू दे' म्हणाले तरी द्या. आणि जाताना थोडी ताजी भाजी न्या. आम्ही टोमॅटो आणि कोथिंबीर नेली होती, चेंगरून गेलेली, तरी घरातल्या सुनेला तिचंच अप्रूप वाटलं. मोहरीपर्यंत आता गाडी येते, म्हणजे ट्रेक सोडायचा तर तो इथे सोडता येतो. पुढे ती सोय नाही.

तिसरा दिवस: नाळ

उजाडताना रायलिंगी पठाराच्या टोकाला गेलो. समोर लिंगाण्याचा सुळका, हात लांब केला तर लागेल इतका जवळ, मध्ये खोल दरी, आणि त्याच्या मागे रायगड. शिवकाळात लिंगाण्यावर कैदी ठेवत. तिथे उभं राहिलं की पहारेकऱ्यांचीच दया येते. कड्याच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका, तिथला वारा ढकलतो.

कोकणात उतरायला इथून दोन मुख्य वाटा. बोराट्याची नाळ म्हणजे दोन कड्यांमधली मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली घळ. ती अर्धी उतरून मग कड्याच्या पोटातून आडवं जाऊन लिंगाण्याच्या खिंडीत पोहोचायचं आणि तिथून पाने गावात. आडव्या वाटेवर एके ठिकाणी पाय ठेवायला जागा कमी आणि खाली दरी. दुसरी सिंगापूर नाळ, लांबची पण सोपी, ती दापोलीत उतरते. (समुद्रकाठची दापोली नव्हे, ही महाड तालुक्यातली.) बोराट्याच्या नाळेला गावातला वाटाड्या घ्याच. आम्ही घेतला होता. मामा पायात स्लिपर घालून पुढे निघाले.

मला बोराट्याचीच नाळ करायची होती. चार वर्षं मनात होती. नाळेच्या तोंडाशी आलो, मामा दोन धोंडे उतरून थांबले, आणि मागून बाई म्हणाली, "सुट्टी."

मी नियम पाळला. म्हणजे तोंडाने पाळला. मागे फिरले, पण सिंगापूर गावापर्यंत एक शब्द बोलले नाही, आणि वर मुद्दाम जोरात चालले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मामांना सगळं कळलं असावं, ते मध्येच थांबून करवंदाच्या जाळ्या दाखवत होते, ज्यांना जानेवारीत करवंदं नसतात. बाईने खिशातून गूळ काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. दोन वळणांनंतर घेतला.

सिंगापूर नाळेतही दगड सुटे आहेत, म्हणून उतरताना एकीमागे एक सरळ रेषेत राहू नका. वरचीच्या पायाने दगड सुटला तर तो खालचीच्या डोक्यात जातो. एक उतरेल, बाजूला आडोशाला थांबेल, मग दुसरी. दगड सुटलाच तर 'दगड' असं ओरडायचं, 'अगं बाई' नाही. दगड उचलायचा किंवा कपारीत हात घालायचा असेल तर आधी काठीने ठोका. फुरसं अशाच जागी असतं. चावलंच तर जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, चावलेला भाग हलवायचा नाही आणि १०८ ला फोन. रेंज मिळेल तिथपर्यंत कोण चालत जाणार हे आम्ही मोहरीतच ठरवून घेतलं होतं: वाटाडे मामा.

संध्याकाळी दापोलीत चहा झाल्यावर मी कारण विचारलं. तिचा उजवा गुडघा आदल्या दिवशीच्या त्या ओढ्यातून परत चढताना दुखावला होता. रात्री तिने चादरीखाली पट्टा बांधला होता. मला सांगितलं नाही, कारण ओढ्यात मी नेलं होतं आणि ते मला लागलं असतं. तर नियमांत एक भर घाला: रोज रात्री झोपण्याआधी दोघींनी एकमेकींचे पाय बघायचे. फोड, सूज, नखं. विचारायचं नाही, बघायचं.

रायगड

चौथ्या दिवशी काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडवाडीकडे. गुडघ्यामुळे बराचसा टप्पा आम्ही जीपने काटला, आणि त्यात कमीपणा मानला नाही. मानला, थोडासा, मी. रायगडवाडीकडून नाणे दरवाजाची जुनी वाट चढते, गर्दी नसते. बाईने हिरकणीवाडीला जाऊन रोपवे घ्यायचं ठरवलं आणि आम्ही ट्रेकमध्ये पहिल्यांदाच वेगळ्या झालो, भेटायची जागा आणि वेळ ठरवून: जगदीश्वराचं देऊळ, अकरा वाजता.

मी अकरा वीसला पोहोचले. ती समाधीजवळच्या सावलीत बसून वह्या तपासत होती. तो गठ्ठा पर्वतीनंतर बाहेर काढला होता असं मी वर लिहिलंय. तिने तो परत भरला होता, चारही दिवस पाठीवर वाहिला होता.

परतीला पाचाडहून महाड, आणि महाडहून पुण्याच्या एसट्या आहेत. खिडकीची जागा गुडघा दुखणाऱ्याला देऊ नका, पाय लांब करता येत नाही.